आधी आईच्या गालाला

गाडीचं दार दोनदा आपटलं आणि गच्चीवर शेवया वाळत घालणाऱ्या खातूनबींच्या काळजाचा ठोका चुकला... दार नीट लागलं तरी पुन्हा एकदा ओढून बघायची ही खोड साऱ्या दुनियेत एकाच माणसाला होती. फरदीन! त्यांचा फरदीन आला होता! सांगलीच्या खणभागातल्या या अरुंद गल्लीत, दोन खोल्यांच्या या भाड्याच्या घरी, पाच वर्षांत ज्यानं एकदाही पाऊल टाकलं नव्हतं, तो त्यांच्या पोटचा गोळा आज आपल्या पायांनी चालत आला होता.

त्या जिना कशा उतरल्या हे त्यांनाही सांगता आलं नसतं. पायात चप्पल नाही, हाताला पीठ, डोक्यावरचा पदर कुठल्या कुठं... त्याला काय करून घालू? खिमा आणावा तर खाटकाचं दुकान आज बंद, शिरखुर्मा करावा तर दूध सकाळचंच उरलेलं! आईचं मन वेडं असतं म्हणतात. खातूनबींचं मन तर तेवढ्यात साताऱ्याच्या घरी जाऊन, आपली जुनी खोली झाडून परतही आलं होतं. तो न्यायलाच आला असणार, नाहीतर पाच वर्षांनी कशाला येईल, असं त्यांनी ठरवूनच टाकलं.

पण फरदीनच्या मागून आणखी एक गृहस्थ मान वाकवून आत आले. काळा कोट हातावर टाकलेला, बगलेत फायली. ते कंपनीचे वकील वीरधवल होते, हे फरदीननं सांगितलं, आणि मग आईकडे न बघताच विचारलं, "कशा आहात?"

तुम्ही! पोरगा अजून ‘तुम्ही’वरच अडला होता. खातूनबींनी हसतमुखानं सतरंजी अंथरली आणि चहा टाकायला त्या आत वळल्या.

चहा झाला, पण फरदीननं कपाला हात लावला नाही. तो भिंतीकडे बघत बोलत राहिला आणि बोलणं सगळं कोर्टाचंच होतं. ‘रेशमा’ या घरच्या पेपर नॅपकिनच्या कंपनीवर चोहोबाजूंनी खटले चालले होते. पुण्यात आणि कोल्हापुरात ग्राहकांच्या तक्रारी, मुंबईत उच्च न्यायालयात एका संस्थेची याचिका, शिवाय दुसऱ्या एका टिश्यू कंपनीनं जाहिरातीवरून ठोकलेला दावा... यांत सगळ्यांच्या आधी निकाल लागणार होता तो सांगलीच्या ग्राहक आयोगातल्या तक्रारीचा, आणि इथं काय ठरतंय याकडे बाकीचे डोळे लावून बसले होते.

पुढचं वीरधवल वकिलांनी उलगडून सांगितलं. माणूस सज्जन होता, आवाज मऊ ठेवून बोलत होता. सगळ्या खटल्यांचा जीव होता बाळांच्या वाइप्सच्या पाकिटावर छापलेल्या एका ओळीत. ‘आधी आमच्या आईच्या गालाला, मग तुमच्या बाळाच्या!’ तक्रारदार बाई म्हणत होती, हे धडधडीत खोटं आहे, आईबीई कुणी नाही, तुम्ही लोकांना फसवलंत. तेव्हा आईनं स्वतः येऊन सांगायचं की होय, मीच लावलं होतं. नवरा गेल्याच्या दुःखात मला कळलं नाही, माझी चूक झाली. चूक ठरली तर भरपाईवर भागेल. फसवणूक ठरली तर कारखान्याला टाळं आणि तो चालवणाऱ्या तुमच्या दिरांना, मुजीबशेठना, तुरुंग.

"तुम्ही घरात जे सांगितलंत, तेच शपथेवर सांगायचं," वकील म्हणाले. "एक अक्षर जास्त नको."

फरदीन उठला. दाराच्या चौकटीशी थांबून, पाठमोराच म्हणाला, "तेवढं करा. मग घरी चला. मी स्वतः न्यायला येईन."

पाच वर्षं ज्या शब्दांसाठी त्या झुरल्या होत्या, ते शब्द आले होते! आनंदानं त्यांचा ऊर भरून आला आणि त्याच क्षणी पायाखालची जमीनही सरकली... कारण घरात त्यांनी जे सांगितलं होतं ते खोटं होतं. ते फक्त दोघांनाच ठाऊक होतं, त्यांना आणि मुजीबला. घरातल्या चार भिंतींत बोललेलं खोटं त्यांनी अल्लाच्या पदरात घालून माफी मागितली होती. पण त्याच अल्लाला स्मरून, हात वर करून, पुन्हा तेच खोटं? "येईन," एवढंच त्या म्हणाल्या.

कागद हा या घराण्याचा जुना धंदा. खातूनबींच्या नवऱ्याचे, रसूलचे, आजे-पणजे हातानं कागद करायचे, म्हणून आडनावच कागदी पडलं. रसूलनं साताऱ्याच्या एमआयडीसीत पत्र्याची एक शेड घेतली, पेपर नॅपकिनचं एक जुनं यंत्र बसवलं आणि त्यातून निघालेला पहिला नॅपकिन घेऊन तो धावत घरी आला. नव्या नवरीच्या गालाला तो लावून त्यानं विचारलं, "टोचतंय का गं?" खातूनबी लाजून चूर झाल्या, पण खरं तेच बोलल्या. टोचत होतं! रसूल आल्या पावली परतला, पाती बदलली, कागद बदलला, आणि त्यांनी मान हलवली तेव्हाच त्याचा जीव भांड्यात पडला.

तेव्हापासून तो घरचा कायदाच होऊन बसला. ‘रेशमा’चा कुठलाही नवा माल आधी खातूनबींच्या गालाला लागायचा, मगच गाडी फाटकाबाहेर पडायची. शेडचे कारखाने झाले, महाबळेश्वरच्या हॉटेलांपासून सांगलीच्या मंगल कार्यालयांपर्यंत ‘रेशमा’ पोचली, प्रयोगशाळा आली, पांढऱ्या कोटातली माणसं आली, तरी कायदा तोच राहिला. जाहिरातवाल्यांना त्याचं भारी कौतुक वाटलं आणि त्यांनी तो पाकिटावर छापून टाकला. खातूनबींना मात्र दुकानात ते पाकीट दिसलं की लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

मुजीब हा रसूलचा धाकटा भाऊ. खातूनबी लग्न होऊन आल्या तेव्हा त्याची आई नुकतीच गेलेली, आणि हे एवढंसं पोरगं वहिनीचा पदर मुठीत धरल्याशिवाय झोपायचं नाही. फरदीन पुढं कितीतरी वर्षांनी झाला. पहिलं आईपण त्यांनी भोगलं ते मुजीबचं, आणि पहिल्या लेकराचं सगळं पोटात घालायची सवय आईला कायमची लागते.

मग रसूल अचानक गेला. खातूनबी इद्दतीत बसल्या. नवरा गेल्यावर ठरलेले दिवस बाईनं घराबाहेर पडायचं नाही, नटायचं नाही, अत्तराचा थेंबसुद्धा अंगाला लागू द्यायचा नाही, ही त्यांच्यातली रीत. त्यांनी तर रसूलची अत्तराची कुपीही खोलीतून काढायला लावली होती. फरदीन बापाला माती देऊन पुण्याला परीक्षेसाठी गेला, आणि नेमक्या त्याच दिवसांत मुजीबनं बाळांसाठी मोगऱ्याच्या वासाचे ओले वाइप्स बाजारात आणायचं ठरवलं. पाकीट घेऊन तो पडद्यापर्यंत आला खरा.

"मुजीब, ह्ये वासाचं हाय रं," खातूनबी पडद्याआडून म्हणाल्या होत्या. "मला आत्ता चालत न्हाई. माझे दिवस सरू दे, मग लावते. तवर थांब."

तो "बरं भाभी" म्हणाला आणि गेला. पण जाहिराती टीव्हीवर झळकू लागलेल्या, वितरक फोनवर फोन करत होते, आणि भाऊ गेल्यावर कारखाना याला झेपतो का, हे बघायला सगळा सातारा टपून बसलेला! प्रयोगशाळेची तपासणी घाईघाईत उरकली होती. माणसं एकच विचारत होती, भाभींनी लावलं का? मुजीबनं नुसती मान हलवली. गाड्या फाटकाबाहेर पडल्या.

त्यातलं सुगंधाचं द्रव्य जहाल होतं. खातूनबींच्या गालाला लागतं तर क्षणात झोंबलं असतं... ते झोंबलं कोवळ्या बाळांच्या गालांना. तक्रारींचा पाऊस पडायला लागला तोवर इद्दत सरली होती. फरदीन पुण्याहून तडक आला आणि दिवाणखान्यात सगळ्यांसमोर त्यानं आईला विचारलं, हे तू गालाला लावलं होतंस का?

खातूनबींनी फरदीनच्या खांद्यावरून पाहिलं. मागं मुजीब उभा होता, चेहरा पांढराफटक. वरच्या खोलीत त्याची बायको मुबश्शिरा लग्नानंतर बारा वर्षांनी दिवस राहून पलंगाला खिळलेली, आणि हिला जराही धक्का बसता कामा नये असं डॉक्टरीणबाई सकाळीच बजावून गेलेली! नवऱ्याला पोलिसांनी नेलं हे ऐकून ती वाचली असती? ते बाळ वाचलं असतं? विचार करायला वेळच नव्हता.

"व्हय," त्या म्हणाल्या. "माझ्याच गालाला लावलं हुतं. माझीच चूक झाली."

फरदीननं त्यांच्याकडे जे पाहिलं, ते त्या आजही विसरल्या नव्हत्या. "अब्बांनी जन्मभर जे कमावलं, ते तुम्ही घालवलंत," तो म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं आईला ‘तुम्ही’ म्हटलं होतं! त्या महिन्यातच खातूनबी सांगलीला माहेरच्या गावी आल्या. मुबश्शिराला मुलगी झाली, कशिश नाव ठेवलं, हे त्यांना दुसऱ्यांकडून कळलं. मुजीब कधी आला नाही. तो येऊ शकत नव्हता हे त्यांना कळत होतं, म्हणून त्यांनी त्याच्यावर रागही धरला नाही.

सुनावणीच्या दिवशी खातूनबी वेळेच्या कितीतरी आधी आयोगाच्या कचेरीत पोचल्या आणि व्हरांड्यातल्या बाकावर अंग चोरून बसल्या. मनाशी त्यांनी पक्कं केलं होतं. ‘व्हय’ म्हणायचं... एकच शब्द! एका शब्दात मुजीबचं घर राहील, कारखान्यावर पोट भरणारी माणसं राहतील, फरदीन घरी नेईल. खोटी शपथ घेतल्याचा जो काय हिशेब असेल तो वर गेल्यावर आपण एकटीनं देऊ, असं त्या स्वतःला समजावत होत्या.

तेवढ्यात शेजारी एक तरुण बाई येऊन टेकली. बरोबर पाच-सहा वर्षांची मुलगी होती, फ्रॉकच्या खिशात बेदाणे भरलेले. मुलीनं खातूनबींना एकदा नीट न्याहाळलं आणि त्यांच्या हातावर चार बेदाणे ठेवले. खातूनबी हसल्या. पोरीला जवळ घ्यायला त्यांनी हात पुढं केला आणि तो तिथंच राहिला... तिच्या डाव्या गालावर, डोळ्याखालून हनुवटीपर्यंत, कातडी चुरगळल्यासारखी झालेली होती.

"लहानपनी झालंय त्ये," बाई म्हणाली. तिला अशा नजरांची सवय झालेली दिसत होती. तिचं नाव संयोगिता, तासगावकडची. नवरा फौजेत, सध्या तिकडं वर सरहद्दीवर. वकील केला नव्हता, आपली बाजू आपणच मांडायची असं तिनं ठरवलं होतं. ज्या आईला आज साक्षीला आणणार होते, तीच आपल्या शेजारी बसली आहे याची तिला गंधवार्ता नव्हती.

"आवं मावशी, दुकानात धा कंपन्यांची पाकिटं हुती," ती सांगत होती. "मी ह्येच उचललं. आईच्या गालाला लावल्यालं हाय म्हनल्यावर मी वास बी बघितला न्हाई, इचार बी केला न्हाई. माझ्या हातानं पुसलं मी तिचं त्वांड. हिचा बा दर रजेला हिच्या गालाकडं बघून इचारतोय, दुसरं पाकीट का घेतलं न्हाईस... काय सांगू त्याला?"

खातूनबींच्या हातातले बेदाणे घामानं ओले झाले. एका शब्दात किती घरं वाचतात हे त्यांनी रात्रभर मोजलं होतं. या घराचं नाव त्या मोजणीत नव्हतंच! आतून पुकारा झाला आणि त्या उठल्या. आपण कोण हे त्या पोरीच्या आईला सांगायचा धीर त्यांना झाला नाही.

आत पुढच्या रांगेत फरदीन बसला होता. मागच्या खुर्च्यांवर मुजीब आणि मुबश्शिरा. पाच वर्षांत मुजीब पार वाळून गेला होता, दाढी पांढरी झाली होती. आयोगाच्या अध्यक्षा चष्म्यावरून बघत होत्या. खातूनबींनी अल्लाला स्मरून खरं सांगेन अशी शपथ घेतली आणि नाव सांगितलं. साक्षीदाराचं नाव ऐकताच संयोगिता ताडकन वळली आणि त्यांच्याकडे बघतच राहिली.

वीरधवल वकिलांनी मऊ आवाजात विचारलं, हे उत्पादन बाजारात जाण्याआधी आपण गालाला लावलं होतं का? खातूनबींनी तोंड उघडलं... ‘व्हय’ ओठांपर्यंत आला आणि तिथंच रुतून बसला. त्यांनी पाणी मागितलं. दोन घोट घेतले. शेवटी म्हणाल्या, "घरात मी तसं सांगितलं हुतं."

वकिलांना तेवढं पुष्कळ होतं. ते समाधानानं खाली बसले. तक्रारदाराला काही विचारायचं आहे का, असं अध्यक्षांनी म्हणताच संयोगिता उठली. तिचे डोळे भरून आले होते, पण आवाज खणखणीत होता.

"मावशी, तुमीच का त्या आई?"

खातूनबींनी मान खाली घातली.

"मग मला एकच सांगा. पाकिटावर मोगरा लिवलं हुतं. पर त्ये फोडलं आन् माझ्या पोरीच्या त्वांडावरनं फिरवलं, तवा घरभर असला उग्र दर्प सुटला की माझी सासू सोप्यातनं उठून आली. तुमी तर गालाला लावलं, नाकाजवळच की. तुमाला आला न्हाई त्यो दर्प? आन् आला आसंल, तर तुमी सोडलं कसं त्ये?"

आला म्हणावं, तर जाणूनबुजून लेकरांचे गाल जाळले असं होतं. नाही आला म्हणावं, तर समोरची ही पोर खोटारडी ठरते... जिनं आपल्या नावावर विश्वास टाकून आपल्याच हातानं लेकीचं तोंड पुसलं, ती! खातूनबींनी डोळे मिटले. त्यांना आता ना कारखाना दिसत होता, ना साताऱ्याची खोली. फक्त त्या चिमुरडीचा गाल तेवढा डोळ्यांपुढून हलत नव्हता.

"बाई, तू खरं बोलतीस," त्या म्हणाल्या. "मी खोटं बोलले. मी त्ये गालाला लावलं न्हाई. त्ये पाकीट मी हातात बी घेतलं न्हाई."

एकच गलका उसळला! वीरधवल वकील धडपडत उठले. घरात तसं का सांगितलंत, मग माल कुणाच्या शब्दावर बाहेर गेला, असे प्रश्नावर प्रश्न त्यांनी विचारले. अध्यक्षांनीही विचारलं, समज दिली. पण खातूनबींनी हात जोडले. आपल्यापुरतं खरं होतं ते आपण सांगितलं, दुसऱ्या कुणाचं नाव आपल्या तोंडून येणार नाही, मग काय शिक्षा व्हायची ती होऊ दे, एवढंच त्या पुन्हा पुन्हा सांगत राहिल्या.

आणि फरदीन उभा राहिला. कुणी बोलावलं नव्हतं, कुणी विचारलं नव्हतं. त्याचा चेहरा असा झाला होता की अध्यक्षांनीही त्याला बसायला सांगितलं नाही. तो मनाशीच काहीतरी जुळवत होता... गाड्या कधी गेल्या, अब्बा कधी गेले, आपण पुण्याला कधी गेलो. हे त्याला पाच वर्षं सुचलं नव्हतं! इद्दत म्हणजे काय हे ठाऊक असलेल्या भरल्या घरात एकालाही सुचलं नव्हतं!

"माझी आई तेव्हा इद्दतीत होती," तो म्हणाला, आणि ती रीत काय असते हे त्यानं अडखळत अडखळत आयोगाला सांगितलं. "तिनं अब्बांचं अत्तर खोलीतून काढायला लावलं होतं. कुपी मीच उचलली, माझ्या या हातांनी. सुगंधाची वस्तू ती गालाला कशी लावेल? अम्मी, तू हे मला का सांगितलं नाहीस?"

तू! एवढ्या गोंधळातही खातूनबींच्या कानांनी तो एक शब्द अचूक टिपला आणि इतका वेळ आवरून धरलेलं रडू फुटलं. फरदीन मात्र आता आईकडे बघत नव्हता. त्याची नजर मागच्या रांगेकडे गेली होती.

मुजीब खुर्चीचे हात घट्ट धरून बसला होता. शेजारी मुबश्शिरानं त्याच्याकडे पाहिलं. तिला आजवर यातलं काही ठाऊक नव्हतं. आता मात्र नवऱ्याचा चेहरा बघून तिला सगळं उमगलं होतं. आपण पलंगावर पडून होतो त्या दिवसांत खाली दिवाणखान्यात कुणी कुणासाठी काय केलं, तेही. तिनं त्याचा हात खुर्चीवरून हलकेच सोडवला.

"उठा," ती म्हणाली.

मुजीब उठला. "भाभी पडद्याआडनं थांब म्हनाल्या हुत्या," तो म्हणाला. "मी थांबलो न्हाई. कारखान्यात सगळ्यांनी इचारलं, तवा मी मान हलवली. भाभींनी माझ्यासाठी सगळं अंगावर घेतलं आन् मी घेऊ दिलं. पोरगी झाली, तिचं त्वांड बघितलं, त्या दिवशी तरी सांगायला पायजे हुतं. धीर झाला न्हाई."

त्याचं म्हणणं लिहून घेतलं गेलं. निकालाची तारीख पडली, पण निकाल काय लागणार हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला कळून चुकलं होतं. व्हरांड्यात आल्यावर मुजीबनं संयोगितेपुढं हात जोडले. ती मागं सरली. क्षमा मागायची तर माझ्या लेकीची मागा, मला त्यातलं काही नको, असं ती म्हणाली. तेव्हा हा एवढा मोठा शेठ त्या फरशीवर गुडघे टेकून बसला आणि काय बोलला ते त्याचं त्यालाच ठाऊक. मुलीला त्यातलं काही कळलं नाही, पण तिनं ते सगळं शांतपणे ऐकून घेतलं. जाताना संयोगितेनं खातूनबींचा हात धरला, दाबला आणि सोडला.

वीरधवल वकील फाटकाशी घाईघाईनं बोलत होते. तासगाव पोलिसांत फसवणुकीची फिर्याद पडून होतीच, आता ती उठणार. पुण्याचा, कोल्हापूरचा, मुंबईचा, सगळेच खटले आता अंगावर येणार. मुजीबशेठनी दोन-चार दिवस कुठंतरी जाऊन राहावं, तोवर अटकपूर्व जामिनाचं बघता येईल. मुजीबनं ऐकून घेतलं आणि मान हलवली नाही. आपण आत्ता इथून तासगावलाच जाणार, ठाण्यात हजर होणार, असं त्यानं सांगितलं. मुबश्शिराला त्यानं कशिशकडे साताऱ्याला जायला सांगितलं. दुसऱ्या गाडीत बसण्याआधी ती खातूनबींच्या गळ्यात पडून इतकी रडली, की त्यांनाच तिची समजूत काढावी लागली.

फरदीन आईच्या पायांशी वाकला, तो वर उठेचना. रस्त्यावरची माणसं बघत होती, पण त्याला शुद्ध नव्हती. "अम्मी, माझं चुकलं... घरी चल. आत्ताच्या आत्ता चल. तुझं सामान मी नंतर नेईन."

खातूनबींनी त्याला उठवलं. त्याच्या केसांवरून, खांद्यांवरून हात फिरवला. किती वाळलास रे, हेच त्या आधी म्हणाल्या. पोटभर बघून घेतल्यावर मग बोलल्या.

"यीन की. माझंच घर हाय त्ये. पर आज न्हाई फरदीन. आज मी मुजीबबरूबर जानार."

"त्याच्याबरोबर?" फरदीनचा आवाज चिरकला. "अम्मी, पाच वर्षं तू त्या खोलीत काढलीस, ती कुणामुळं? मी तुझं तोंड बघत नव्हतो, ते कुणामुळं?"

"सगळं म्हाईत हाय मला. तू रुसला हुतास, पर माझा हुतास. मी कवाबी दार लावून घेतलं न्हाई, कारन तू येनार ह्ये मला ठाऊक हुतं." त्यांनी गाडीकडे पाहिलं. मागच्या सीटवर मुजीब एकटाच बसला होता, तोंड ओंजळीत लपवून. "त्याच्याकडं आज कोन येनार? त्यो बी माझंच लेकरू हाय. ठाण्यात त्यानं एकट्यानं जायाचं आन् मी घरी जाऊन शेवया खायाच्या व्हय?"

त्या पदर सावरत गाडीशी गेल्या, मागचं दार उघडून मुजीबच्या शेजारी बसल्या. "सरक जरा," त्या म्हणाल्या. मुजीब सरकला आणि लहान पोरासारखा हुंदके देत त्यांच्या खांद्यावर कोसळला.

फरदीन फाटकात उभा होता. एकदा त्यानं दुसऱ्या गाडीकडे पाहिलं, एकदा या गाडीकडे. मग तो पुढं आला, ड्रायव्हरला त्यानं खाली उतरवलं आणि स्वतः गाडी चालवायला बसला. आरसा नीट करताना त्याला मागं दोघंही दिसले. काकाला माफ करावं एवढं मन अजून मोठं झालं नव्हतं.

"तासगावला किती वेळ लागंल रं?" खातूनबींनी विचारलं.

"तासभर," फरदीन म्हणाला, आणि त्यानं आरशातून मागं बघत विचारलं, "चाचा, सकाळपासून काही खाल्लंय का तुम्ही?"